मागच्या सीटवरचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना फूटरेस्ट आहे. फूटरेस्ट म्हटलं की लोक लगेच पुढच्याकडे बघतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो: मी मागचा, आणि त्यातही उजवीकडचा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याने उजवा पाय जिच्यावर ठेवायचा, ती दुमडता येणारी लोखंडी दांडी म्हणजे मी. ‘याचं कसलं आलंय आत्मवृत्त?’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर येऊ द्या. मला सवय आहे. पण माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली, की तिचं खरं कारण फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक मी, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक सळईचा एक तुकडा कापला, त्याला भोक पाडलं, आत स्प्रिंग आणि खीळ बसवली, वर चकचकीत मुलामा दिला आणि शेवटी काळ्या रबराचा बूट चढवला, की झालो मी तयार. माझ्याबरोबरच माझा जुळा भाऊ जन्मला, तो डावीकडचा. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी आम्हा दोघांना चार-चार वेळा उघडून मिटून पाहिलं आणि ‘जोडी छान जमलीय’ म्हणाल्या. मला वाटलं, आता आयुष्यभर असंच कौतुक होणार. कसलं काय! त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आमची मोटारसायकल ज्यांनी घेतली त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हते. ते लोकांना मोटारसायकल चालवायला शिकवत. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, मधोमध उभं राहायचं, तोंडात शिट्टी धरायची आणि शिकाऊ माणसाला गोल गोल फिरवायचं, ही त्यांची पद्धत. ते स्वतः कधी कुणाच्या मागे बसत नसत. विचारलंच कुणी, तर म्हणायचे, मला अजून चार दिवस जगायचंय. माणूस कडक, पण शिकवणं पक्कं. निम्म्या गावाचा उजवा पाय त्यांनी ब्रेकवर बसवला होता, कारण आमच्या गाडीत मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मास्तरांच्या मागे बसायच्या त्या त्यांच्या पत्नी. आणि त्या बसायच्या एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे सोडून. म्हणजे माझ्या भावाला दोन दोन पाय, आणि मला एकही नाही! तो दमून भागून घरी यायचा, त्याच्या रबरावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मी मात्र पंख मिटलेल्या कोंबडीसारखा गाडीला चिकटून बसलेला. एकदा तर एका कोळ्याने माझ्या कुशीत जाळं विणलं. गाडी रोज चालत होती, तरी ते आठवडाभर टिकलं. आता बोला. रागाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण माझा तळपाय कुठला आणि मस्तक कुठलं, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. मास्तरांच्या मुलाचं लग्न झालं, सूनबाई घरात आल्या. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोन दिवस घरी. सूनबाई एका लॅबमध्ये कामाला होत्या. सकाळी सकाळी घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त तपासणीसाठी काढायचं, नळ्या थंड डब्यात ठेवायच्या आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायच्या. अशा कामाला गाडी हवीच. मास्तरांनी त्यांना स्वतः मैदानावर नेऊन शिकवलं. माझ्याकडे शिकलेल्यांत हिचा हात सगळ्यात सरस, असं ते शेजारीपाजारी सांगत. सूनबाईंच्या तोंडावर मात्र एकदाही नाही. त्यांच्यासाठी नुसती शिट्टी.

मग एक दिवस मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेचं दिसेनासं झालंय. पुढे वाढू नये म्हणून औषध चालू ठेवावं लागेल, दर आठवड्याला दाखवायला यावं लागेल, आणि गाडी आजपासून बंद. घरी येऊन मास्तरांनी किल्ली खुंटीला अडकवली नाही, फेकली नाही, आदळआपट केली नाही. सरळ सूनबाईंच्या हातात दिली आणि अंगणात येऊन गाडीच्या सीटवरून एकदा हात फिरवला. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली.

पुढच्या आठवड्यात ते पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले. सूनबाईंनी वाकून मला उघडलं. काय सांगू मित्रांनो! इतक्या वर्षांनी माझ्यावर पाय येणार होता. स्प्रिंग जरा कुरकुरली, पण मी छाती काढून उभा राहिलो. मास्तरांचा उजवा बूट माझ्यावर आला आणि मला वाटलं, आपला जन्म कारणी लागला.

हे समाधान पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकलं. तिथे सूनबाईंनी वेग कमी केला, आणि त्याच क्षणी मास्तरांनी मला असं दाबलं की माझी खीळ करकरली. पुढे एक कुत्रं आडवं गेलं, पुन्हा दाबलं. वळण आलं, दाबलं. सिग्नल लागला, दाबलं. माझ्या ध्यानात आलं, हे मला ब्रेक समजतायत! तीस वर्षांची सवय त्या पायाला. कुणी पुढे बसलंय की मागे, हे पायाला कोण समजावणार? बरं, ते नुसतं दाबत नव्हते. दाबलं की अंग ताठ व्हायचं, वजन उजवीकडे यायचं आणि गाडी डगमगायची. त्यात आणखी एक गंमत. सुनेच्या मागे बसायचं म्हणून त्यांना भारी संकोच. मध्ये चांगलं वीतभर अंतर, आणि हात स्वतःच्याच गुडघ्यांवर. ना तिला धरायचं, ना सीटमागची दांडी. फोटो काढायला बसल्यासारखे ते बसायचे. सूनबाई सासऱ्यांना काय बोलणार? ज्यांनी आपल्याला गाडी शिकवली, त्यांना बसायचं कसं हे सांगायचं कसं? त्या मुकाट्याने गाडी सांभाळत राहिल्या. मागे जड माणूस बसलं की गाडी अशीच डुलत असेल, अशी त्यांची समजूत झाली.

असे दोन महिने गेले. आणि मग तो दिवस आला.

डोळ्यांच्या दवाखान्याकडे जाताना एक गोल चौक लागतो. मधल्या बागेला वळसा घालून डावीकडे बाहेर पडायचं. सूनबाईंनी वळसा छान घेतला होता, गाडी डावीकडे झुकली होती. एवढ्यात उजवीकडून पाण्याच्या बाटल्यांची हातगाडी आली. सूनबाईंनी ती कधीच पाहिली होती आणि वेगही कमी केला होता. पण मास्तरांना कडेचं दिसत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती गाडी आभाळातूनच पडली. त्यांनी मला जिवाच्या आकांताने दाबलं, जवळजवळ माझ्यावर उभेच राहिले, आणि सगळं अंग उजवीकडे टाकलं. झुकलेली गाडी एकदम सरळ झाली, पुढचं चाक कडेच्या वाळूवर गेलं आणि आम्ही उजव्या अंगावर आडवे झालो. म्हणजे कुणावर? माझ्यावर.

वेग कमी होता, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून बचावलो. सूनबाईंचा गुडघा सोलवटला, मास्तरांच्या तळहाताला खरचटलं, मी वाकडा झालो. लोक धावले, गाडी उचलली. एक गृहस्थ म्हणाले की मागे माणूस बसवायचा तर बाईच्या हातात गाडी देऊच नये. मी मास्तरांकडे पाहिलं. आता ते त्या गृहस्थांना चांगलं झाडणार, असं मला वाटलं. ते हाताला लागलेली वाळू झटकत राहिले.

सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं, बाबा. वळणावर गाडी हातातून गेली.”

मास्तर म्हणाले, “असू दे. होतं असं.”

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण ते शब्द मला लागले. त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते मूग गिळून बसले.

त्या दिवसापासून गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी किल्ली लावून पाहिली. इंजिन सुरू व्हायच्या आतच त्यांनी ती काढून घेतली. मग त्या बसने जाऊ लागल्या. दोन बस बदलायच्या, तोवर थंड डब्यातला बर्फ वितळायचा. एकदा नळ्या उशिरा पोचल्या आणि एका म्हाताऱ्या आजींच्या हातात पुन्हा सुई टोचावी लागली. त्या संध्याकाळी सूनबाई पत्र्याखाली येऊन गाडीला टेकून रडल्या, आजी रागावल्या नाहीत म्हणून जास्तच रडल्या. लॅबने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत गाडीवरून येणं जमणार नसेल तर घरोघरी जायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. ते काम त्यांना फार आवडायचं. त्यांचा हात इतका हलका की लोक त्यांचीच वाट बघत बसायचे. आणि माझी खात्री होती, एकदा या गाडीवरून उतरल्या त्या उतरल्याच, पुन्हा कधी चढायच्या नाहीत.

मास्तर या दिवसांत अंगणात यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि आत जायचे. जेवण कमी झालंय म्हणून त्यांच्या पत्नी विचारायच्या, तर ते औषधावर ढकलायचे. मला राग यायचा. नंतर नंतर मला कळलं की त्यांनाही तो घास गिळवत नव्हता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शिट्टी वाजवून दाखवल्या, त्याला स्वतःची चूक सांगायची म्हणजे जड जाणारच. पण जड जातं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची का?

पंधराव्या दिवशी सूनबाईंनी ठरवलं, गाडी दुरुस्त करायची आणि विकून टाकायची. गल्लीच्या टोकाला मेकॅनिकचं दुकान आहे. तिथपर्यंतही त्या गाडीवर बसल्या नाहीत. पुढून त्या ढकलतायत, मागून मास्तर हात लावतायत, अशी आमची वरात निघाली. मी वाकडा लोंबकळत होतो.

मेकॅनिक हा मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याने मास्तरांना स्टूल दिलं, गाडी विकायचीय हे सूनबाईंकडून ऐकून घेतलं आणि मला पान्ह्याने धरून सरळ केलं. दुखलं, पण हात जाणता होता. मग त्याने माझं रबर बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, “मास्तर, इतकी वर्षं हा उजवा नवा कोरा होता, आणि दोन महिन्यांत याचं रबर पुढून पार फाटलं? मागे बसून ब्रेक कोण मारतंय?”

तो गमतीने बोलला आणि नवं रबर शोधायला आतल्या कपाटाकडे गेला. सूनबाईंचं लक्षच नव्हतं. त्या टायरवरची वाळू नखाने काढत होत्या. मास्तरांना गप्प बसता आलं असतं, मित्रांनो. नवं रबर बसलं असतं, जुनं कचऱ्यात गेलं असतं आणि गाडी दुसऱ्याच्या घरी. माझा तर जीव टांगणीला लागला होता.

मास्तर स्टुलावरून उठले. भिंतीचा आधार घेत सूनबाईंपाशी गेले आणि म्हणाले, “पोरी, त्या दिवशी गाडी तू पाडली नाहीस. मी पाडली.”

सूनबाईंनी वर बघितलं. मास्तर मग थांबले नाहीत. कडेचं दिसत नाही म्हणून मागे बसल्यावर भीती वाटते, प्रत्येक गाडी अंगावरच येतेय असं वाटतं, पाय आपोआप दाबला जातो, त्या चौकात आपण उभे राहिलो आणि उजवीकडे कललो, हे सगळं त्यांनी सांगून टाकलं. तुझी वळणं पहिल्यापासून बिनचूक आहेत, मला लाज वाटली म्हणून बोललो नाही, असंही म्हणाले. एवढं बोलून ते असे उभे राहिले, जणू आता शिट्टी त्यांच्यासाठी वाजणार होती.

सूनबाई टायरांच्या ढिगावर मटकन बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “नक्की? माझ्या हातून गेली नव्हती?” मास्तरांनी मान हलवली. सूनबाईंनी दोन्ही हात पुढे धरून बघितले, हे आपलेच का म्हणून बघावं तसे. मग त्या हसल्या, मग डोळे पुसले, आणि मग त्यांना राग आला. मला बरं वाटलं. यायलाच हवा होता.

“पंधरा दिवस, बाबा,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय.”

मास्तर म्हणाले, “हो.” कसलीही सबब पुढे केली नाही, आणि तेच बरं केलं.

मेकॅनिक रबर घेऊन आला तेव्हा सूनबाईंनी त्याला बजावलं की गिऱ्हाईक बघू नका, गाडी विकायची नाही. दोघं बसणार आहोत तर मागच्या चाकात हवा त्या हिशेबाने भरा. आणि मास्तरांना सांगितलं की उद्या सकाळी मैदानावर यायचं, मी शिकवणार आणि तुम्ही शिकायचं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर जे झालं ते बघायला माझा भाऊसुद्धा टक्क जागा होता. सूनबाई दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून बसल्या. मास्तर सवयीने टांग टाकणार, तोच त्यांनी थांबवलं: आधी विचारायचं, मी हो म्हटलं की चढायचं. मास्तरांनी विचारलं. मग संकोचाची गोष्ट निघाली. सूनबाईंनी आपल्या डब्याच्या पिशवीचा रुंद कापडी पट्टा आणला होता. तो स्वतःच्या कमरेला आवळून बांधला आणि म्हणाल्या, मला धरायला लाजता ना, मग हा पट्टा धरा, दोन्ही हातांनी, आणि ते वीतभर अंतर घरी ठेवून या. मास्तर पुढे सरकले.

सगळ्यात अवघड होता तो पाय. सूनबाई रक्त काढताना लोकांना मूठ सोडायला लावतात, दुसरीकडे बघायला लावतात आणि काय करतेय ते आधी सांगतात. तीच युक्ती त्यांनी इथे वापरली. “बाबा, बुटात बोटं सैल सोडा. मी थांबायच्या आधी ‘थांबतेय’ म्हणेन, वळायच्या आधी ‘डावं’ किंवा ‘उजवं’ म्हणेन. जिकडे वळणार त्या बाजूने माझ्या खांद्यावरून बघा. अंग आपोआप गाडीबरोबर झुकेल. तुम्हाला जे दिसत नाही ते मला दिसतंय.”

पहिल्या फेरीत त्यांनी मला सात वेळा दाबलं. मी मोजलं. दुसरीत चार. गाडी थांबली की लगेच पाय खाली सोडायची खोड होती, तीही सूनबाईंनी मोडली. मागच्याने पाय वरच ठेवायचे, गाडी पुढचा सांभाळतो. मास्तर मध्येच चिडले, मला शिकवतेस का म्हणाले, आणि स्वतःच हसले. दहाव्या फेरीनंतर माझ्यावर नुसतं बुटाचं वजन होतं.

आणि मग दवाखान्याचा दिवस. तोच रस्ता, तोच गोल चौक. सूनबाईंचा श्वास जरा जोरात चालला होता, मला गाडीच्या थरथरीतून कळत होतं. वळसा संपत आला. “डावं,” त्या म्हणाल्या. गाडी झुकली. त्याच वेळी उजवीकडून एक रिक्षा भसकन पुढे आली. माझ्या काळजात धस्स झालं. “थांबतेय,” सूनबाई म्हणाल्या. मास्तरांच्या बुटातली बोटं आखडली. मला स्पष्ट जाणवलं. मी डोळे मिटल्यासारखं केलं आणि वाट बघितली. बोटं आखडली, आणि सुटली. पाय दाबला गेला नाही. पट्ट्यावरचे हात सूनबाईंच्या कमरेबरोबर डावीकडे झुकले, रिक्षा निघून गेली, आम्ही चौकातून बाहेर पडलो.

माझा जीव भांड्यात पडला, मित्रांनो. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली, सूनबाईंनी दोन्ही पाय टेकवले. मास्तर हलले नाहीत. ज्या माणसाला मैदानावर ‘आधी विचारायचं’ असं बजावावं लागलं होतं, त्याने मागून हळूच विचारलं, “उतरू का?” आणि हो म्हटल्यावर उतरून, हेल्मेट काढून, त्यांनी सूनबाईंना तोंडावर सांगितलं की माझ्याकडे शिकलेल्यांत तुझा हात सगळ्यात सरस आहे. सूनबाई उगाचच आरसा पुसत बसल्या. दुसऱ्या दिवशी थंड डबा पुन्हा गाडीवर चढला.

आता माझा मुलामा उडालाय, स्प्रिंग सैल झालीय. कधीतरी तेलाचा एक थेंब द्या, चिखल पुसा, रबर झिजलं तर बदला, एवढंच माझं मागणं. तुम्ही कुणाच्या मागे बसाल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा, घट्ट धरा, आणि गाडी पुढच्याला चालवू द्या. आणि एक ऐका या जुन्या लोखंडाचं. चूक तुमची असेल तर लगेच सांगा, मित्रांनो. पंधरा दिवस थांबू नका. तेवढ्या दिवसांत चांगल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो.